मुंबई ते मॉरिशस: ४,७०० किलोमीटर, सव्वासहा तास आणि सासूबाई

आधी आकडे सांगून टाकते, मग निवांत गप्पा. मुंबई विमानतळ ते मॉरिशसचा विमानतळ हे हवाई अंतर साधारण ४,७०० किलोमीटर, म्हणजे मुंबई-दिल्लीच्या चौपट, आणि थेट विमान असेल तर सव्वासहा तासांच्या आसपास. मॉरिशसचं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे आहे आणि तिकिटावर दोन्ही वेळा जिथल्या तिथल्या छापलेल्या असतात. त्यामुळे समजा मुंबईहून सकाळी ६ ला निघालात तर पोचायची वेळ पावणेअकरा दिसते, म्हणजे पावणेपाचच तास, आणि येताना तोच हिशोब पावणेआठ तास दाखवतो. आमच्या घरी यावर एक अख्खी संध्याकाळ वाद झाला, कारण नवऱ्याचं ठाम मत होतं की येताना वारा समोरून असतो म्हणून विमान रेंगाळतं. वारा नाही रे बाबा, घड्याळ.

दुबईमार्गे तिकिटं कधीकधी स्वस्त दिसतात. पण त्यात आधी तीन तास उलट्या दिशेला दुबई, मग तिथून पुन्हा साडेसहा तास खाली, मधला थांबा वेगळा, म्हणजे बारा तास तर कुठेच गेले नाहीत. बरोबर वयस्कर माणूस असेल तर या फंदात पडू नका. आमच्याबरोबर सासूबाई होत्या, पंचाहत्तरीच्या, कराडजवळच्या एका गावच्या शेतकऱ्याची लेक, आणि परदेशवारी पहिलीच.

शनिवार

मे महिन्यातली मुंबई तुम्हाला माहितीच आहे. टॅक्सीतून उतरून आत जाईपर्यंत पाठ ओली. विमानात उजव्या बाजूच्या सीट घेतल्या होत्या आणि हे मी मुद्दाम सांगतेय: सकाळचं विमान असेल तर उजवी बाजूच घ्या, कारण विमान नैऋत्येकडे चाललेलं असतं आणि डावीकडच्यांच्या तोंडावर ऊन येतं, मग ते बिचारे खिडकीचं झाकण ओढून बसतात.

तसं उजवीकडूनही दिसत काहीच नाही म्हणा. या मार्गावर मालदीव डावीकडे लांब राहतं, सेशेल्स उजवीकडे लांब राहतं, आणि मध्ये नुसतं पाणी. सासूबाई एसटीत विचारतात तसं दर अर्ध्या तासाने विचारत होत्या, "आता कुठं आलो गं?" आणि मी समोरच्या नकाशात बघून सांगत होते, "समुद्रात." पुढच्या वेळेला पण समुद्रात. बरोब्बर मध्यावर विषुववृत्त येतं, कारण मुंबई १९ अंश उत्तरेला आणि मॉरिशस २० अंश दक्षिणेला, जवळपास आरशातलं प्रतिबिंब. हे त्यांना सांगितलं तर म्हणाल्या, "मग तिकडं पण असंच उकडत असणार, कशाला चाललोय?"

जेवणाचा मात्र घोळ झाला. तिकीट काढतानाच शाकाहारी जेवण सांगितलं होतं, ते माझ्या आणि नवऱ्याच्या नावावर आलं, सासूबाईंच्या नावावर आलंच नाही. हवाईसुंदरी दोनदा सॉरी म्हणून एक बन आणि सफरचंद देऊन गेली. सासूबाईंनी शांतपणे पिशवीतून दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी काढली, स्वतः खाल्ली, आम्हाला दिली आणि पलीकडच्या सीटवरच्या गुजराती जोडप्यालाही दिली. ते दोघं हनिमूनला चालले होते आणि त्यांना त्यांच्या जेवणापेक्षा दशमीच जास्त आवडली असं दिसलं.

(खाण्याचं काही नेणार असाल तर एक सांगते: ताजी फळं, बिया, रोपं, कुंड्यातली तुळस वगैरे परवान्याशिवाय आत नेता येत नाही, सगळं बेटावरच्या शेतीसाठी. दशम्या आम्ही विमानातच संपवल्या.)

विमान खाली यायला लागलं आणि ढगातून बाहेर पडल्यावर हिरवंगार दिसलं, तेव्हा सासूबाई सरसावून बसल्या. "अगं हा तर ऊस!" खरंच, धावपट्टीच्या कुंपणापर्यंत ऊस. बाहेर आल्यावर टॅक्सीत बसेपर्यंत त्यांचं तेच चाललं होतं, तुरा यायला लागलाय म्हणजे गाळप जवळ आलं, शहाऐंशी शून्य बत्तीस (ही आपल्याकडची उसाची जात) आहे का ते विचार बरं. मी कुणाला विचारणार कप्पाळ. पण त्यांनी एक गोष्ट बरोब्बर टिपली, की उसाच्या मधोमध काळ्या दगडांचे मोठाले ढीग होते, नीट रचलेले, कोपरे धरून, काही तर दुमजली घराएवढे. "एवढे दगड कुणी वेचले असतील?" तेव्हा उत्तर माहीत नव्हतं.

इमिग्रेशनला आम्हाला दोनच गोष्टी विचारल्या: राहणार कुठे, आणि परतीचं तिकीट दाखवा. भारतीयांना पर्यटनासाठी आधी व्हिसा काढावा लागत नाही, पण परतीचं तिकीट हवंच. प्रिंट काढून ठेवा, फोन ऐनवेळी मान टाकतो.

रविवार

आम्ही पश्चिम किनाऱ्यावर फ्लिक-आं-फ्लाक नावाच्या गावात राहिलो होतो. विमानतळ दुसऱ्या टोकाला, पण बेट एवढंसं आहे (लांबी ६५ किलोमीटरच्या आसपास) की तासाभरात पोचतो माणूस. आणि सासूबाईंचा अंदाज सपशेल चुकला, उकाडा नव्हताच. आपला उन्हाळा तेव्हा तिकडे हिवाळ्याची सुरुवात, दुपारी हवा मस्त, संध्याकाळी शाल. सावलीची गंमत तर नवऱ्याने शोधून काढली. मुंबईत त्याच आठवड्यात शून्य सावलीचा दिवस होता, म्हणजे सूर्य बरोब्बर डोक्यावर, आणि इथे भर दुपारी सूर्य उत्तरेला कललेला, आपली सावली दक्षिणेकडे पडलेली. तो मोबाइलमधलं होकायंत्र घेऊन वाळूत गोल गोल फिरत होता, लोक बघत होते.

रविवारी सार्वजनिक किनाऱ्यावर जा, हे मी आग्रहाने सांगेन. हॉटेलसमोरच्या किनाऱ्यावर तुम्हाला फक्त दुसरे पर्यटक दिसतात. इथे सुरूच्या झाडांखाली अख्खी खानदानं उतरलेली, चुलते-मावश्या, मोठाली पातेली, सतरंज्या, कुणी पत्ते कुटतंय, कुणी चक्क घोरतंय. आपलं कोकणातलं सुरूचं बनच, फक्त बाया फ्रेंचसारखं काहीतरी बोलतायत. ती क्रिओल भाषा. "की मान्येर?" म्हणजे कसं काय, एवढं शिकून घ्या, लोक लगेच हसून बोलतात.

एका टोळक्याने शेकोटी पेटवली, मला वाटलं स्वयंपाकाला. तर एक जण मोठ्या चाळणीसारखं दिसणारं वाद्य घेऊन आला आणि त्याचं चामडं आगीवर धरून फिरवायला लागला, मध्येच बोटाने टिचकी मारून ऐकायचा, परत धरायचा. ते राव्हान. बकऱ्याचं कातडं असतं, समुद्राच्या दमट हवेत ढिलं पडतं, म्हणून तापवून सुरात आणतात. आमच्याकडे हलगीवाले करतात तेच. मग सेगा नाच सुरू झाला. गुलामगिरीत आणलेल्या आफ्रिकन लोकांचा हा नाच, पाय वाळूतून उचलायचेच नाहीत, नुसतं सरकायचं. सासूबाई टाळ्या वाजवत बसल्या आणि कुणीतरी आणून दिलेल्या बिर्याणीतले बटाटे तेवढे निवडून खाल्ले (मटण होतं, मी सांगितलं नाही).

सूर्य पावणेसहाच्या आत बुडतो, आणि बसेस पण संध्याकाळी लवकर बंद होतात. टॅक्सीला मीटर वगैरे प्रकार नाही, बसायच्या आधी भाव ठरवा. आम्हाला हॉटेलवाल्याने एक टॅक्सीवाले दादा गाठून दिले आणि पुढची ट्रिप त्यांच्यामुळेच झाली.

सोमवार

दादा पन्नाशीचे, सावळे, गळ्यात बारीक चेन. आम्ही मागे मराठीत बोलतोय हे ऐकून त्यांनी आरशातून बघितलं आणि म्हणाले, "तुमी मराठी? मी पण मराठी." आणि पुढे हिंदी सुरू केलं, कारण त्यांच्या मराठीचा साठा तेवढ्यात संपत आला होता. घरात क्रिओल, शाळेत ऐच्छिक विषय म्हणून मराठी, आणि गणपतीच्या आरत्या तोंडपाठ. गणेश चतुर्थीला मॉरिशसमध्ये सार्वजनिक सुट्टी असते हे मला तिथे जाईपर्यंत माहीत नव्हतं.

पोर्ट लुईत, म्हणजे राजधानीच्या बंदरात, आधी सेंट्रल मार्केट. तिथे धोल पुरी खा, दुसरं काही नाही खाल्लं तरी चालेल. डाळ शिजवून वाटून पोळीत भरलेली, पुरणपोळीची तिखट चुलत बहीण म्हणा, आणि ती दोन-दोनच्या जोडीने देतात, आत घेवड्यासारख्या मोठ्या दाण्यांची भाजी, टोमॅटोचं रुगाय आणि मिरची. कागदात गुंडाळून हातात. वर थंडगार आलुदा, सब्जा घातलेलं दूध. सासूबाईंनी धोल पुरी उलगडून आतलं सारण चाखलं आणि म्हणाल्या, "गूळ विसरले."

मार्केटपासून जवळच आप्रवासी घाट. १८३५ मध्ये मॉरिशसमध्ये गुलामगिरी संपणार हे आधीच ठरलं होतं, उसाच्या मळ्यांना माणसं हवी होती, आणि इंग्रजांनी हिंदुस्थानातून करारावर मजूर आणायला सुरुवात केली. पहिली ३६ माणसं 'ॲटलास' जहाजाने आली, सप्टेंबर १८३४ मध्ये कलकत्त्यात करार झाला आणि २ नोव्हेंबरला ती इथे उतरली. पाच वर्षांचा करार, पुरुषाला महिना पाच रुपये. पुढे विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत साडेचार लाखांच्या आसपास माणसं याच बंदरात उतरली. बहुतेक बिहार-उत्तर प्रदेशकडची, नंतर मद्रासकडची, पण मुंबई बंदरातूनही जहाजं सुटायची आणि त्यात रत्नागिरीकडची पुष्कळ माणसं होती. २००६ पासून ही जागा युनेस्कोच्या यादीत आहे, तिकीट नाही, आतलं प्रदर्शन बघायला दीड तास तरी ठेवा.

तिथे दगडाच्या सोळा पायऱ्या आहेत. होडीतून उतरून माणूस याच पायऱ्या चढून वर यायचा, मग नाव-गाव लिहून घ्यायचे, नंबर द्यायचे, आणि मळ्याचा मालक ठरायचा. पायऱ्या लहानशाच आहेत, खरं सांगायचं तर पटकन नजरेत पण भरत नाहीत. सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "यांचं परतीचं तिकीट होतं का?"

होतं. सुरुवातीच्या करारात पाच वर्षांनंतर फुकट परत नेण्याची अट होती, पुढे ती काढून टाकली.

बाहेर कट्ट्यावर बसल्यावर दादांनी मोबाइल काढून एक फोटो दाखवला. मोका गावात महात्मा गांधी संस्था आहे, तिथे या मजुरांच्या नोंदवह्या जपून ठेवल्यात, नंतरच्या काळातल्या मजुरांचे तर फोटोसुद्धा, आणि लोक जाऊन आपला पूर्वज शोधतात. दादांनी पण शोधला होता. नंबर, नाव, बापाचं नाव, वय, उंची, कपाळावर व्रण, जिल्हा रत्नागिरी. आणि गावाच्या रकान्यात गोऱ्या कारकुनाने कानाला ऐकू आलं तसं काहीतरी खरडलेलं. कोर्ले? कुर्ली? करळे? नवरा म्हणाला कुर्ला असेल. "रत्नागिरीत कुठला आलाय कुर्ला," सासूबाई म्हणाल्या, आणि त्यांनी फोन डोळ्यांजवळ नेऊन ते अक्षर न अक्षर लावायचा प्रयत्न केला. बराच वेळ. दादांना म्हणाल्या की मी कराडला गेले की भावाला विचारते, त्याच्या सोयऱ्यांत तिकडची माणसं आहेत. दादांनी लगेच तो फोटो मला पाठवला. अजून गाव सापडलेलं नाही, कुणाला संगमेश्वर-राजापूर भागात असं नाव माहीत असेल तर कळवा, खरंच.

मंगळवार

दक्षिणेकडे. आधी गंगा तलाव. डोंगरावर गार वारा, भुरभुर पाऊस, धुकं, आणि धुक्यातून एकदम शंकराची ३३ मीटर उंच मूर्ती पुढ्यात. महाशिवरात्रीला बेटभरातून लोक पांढरे कपडे घालून चालत इथे येतात. छत्री आणि स्वेटर न्या, खाली किनाऱ्यावर ऊन असलं तरी वर वेगळाच कारभार असतो. माकडांपासून प्रसाद सांभाळा.

मग शामारेल, सात रंगांची माती. फोटोत दिसते तेवढी रंगीत नाही, पण ऊन पडलं की लाल, तपकिरी, जांभळट असे पट्टे स्पष्ट होतात. मला मातीपेक्षा तिथल्या माहितीत जास्त रस वाटला. हे अख्खं बेट ज्वालामुखीचं, काळा बेसॉल्ट, आणि त्याच दगडाची झीज होऊन लोह-ॲल्युमिनियमचे हे रंग आले. नवरा ट्रेकवाला, त्याने पहिल्या दिवसापासून डोंगर बघून "हा तर आपलाच दगड" असं पालुपद लावलं होतं. पोर्ट लुईच्या मागे अंगठ्यासारखा एक सुळका आहे, तो दिसल्यावर नाणेघाटातल्या नानाच्या अंगठ्याचं नाव घेऊन त्याने माझं डोकं खाल्लं होतं.

तर गंमत अशी की तो बरोबर होता. घरी आल्यावर नीट वाचलं. समुद्राच्या तळाखाली एक तप्त ठिकाण आहे, आता ते शेजारच्या रीयुनियन बेटाखाली आहे आणि तिथला ज्वालामुखी अजून जागा आहे. ६.६ कोटी वर्षांपूर्वी आपला भूखंड याच तप्त जागेवरून सरकत होता, तेव्हा जो लाव्हा वर आला त्याचं दख्खनचं पठार झालं, सह्याद्री झाला. मग आपण उत्तरेकडे सरकत गेलो आणि मागे खुणा राहिल्या: लक्षद्वीप, मालदीव, चागोस यांच्याखालची डोंगररांग, आणि अगदी अलीकडे, म्हणजे ऐंशी-नव्वद लाख वर्षांपूर्वी, मॉरिशस. म्हणजे त्या सव्वासहा तासांत सासूबाईंना मी "समुद्रात" असं सांगत होते तेव्हा आम्ही साधारण त्याच रांगेच्या पश्चिमेने खाली चाललो होतो. नवरा आता हे प्रत्येक लग्नात, प्रत्येक मुंजीत सांगतो.

आणि दगडांच्या ढिगाचं उत्तरही त्या दिवशी दादांकडून मिळालं. जमीनभर हेच काळे धोंडे पसरलेले होते, ऊस लावायचा तर आधी ते वेचणं आलं. करारावरच्या मजुरांनी आणि त्यांच्या पोराबाळांनी हातांनी वेचून ते ढीग रचले. सासूबाई म्हणाल्या, "आमच्या माळावर विहीर काढली तेव्हा असाच ढीग पडला होता, बांधावर. पण तो आमचा माळ होता."

बुधवार

सकाळपासून पाऊस, काचेच्या तळाच्या बोटीचं बुकिंग वाया. दादा म्हणाले, घरी चला जेवायला.

त्यांची आई ऐंशीच्या पुढची आणि मराठी चांगलं बोलते, फक्त मध्येच क्रिओल शब्द येतात आणि सूर फ्रेंच वळणाचा. स्वयंपाकघराच्या मागच्या पडवीत पाटा-वरवंटा. काळ्या दगडाचा, टाकी लावलेला, ओल्या हळदीने पिवळा पडलेला. मिक्सर होता, पण वापरात नव्हता. आमच्या सासूबाई कधी जाऊन वरवंट्याला बसल्या कळलंच नाही, आणि मग दोन म्हाताऱ्यांचं जे सुरू झालं त्यात आम्हाला काही जागाच उरली नाही. शेवग्याच्या पाल्याचं पातळ सार, भोपळ्याची भाजी, डाळ-भात आणि मोहरी घातलेलं भाज्यांचं लोणचं, ज्याला ते अशार म्हणतात. त्या आजी शेवग्याचा पाला देठापासून एका हाताने सर्रकन ओरबाडून काढतात, उलट्या दिशेने, एक पान तुटत नाही. सासूबाईंनी दोनदा करायला लावून बघितलं.

निघताना आजींनी विचारलं, मुंबई किती लांब? दादांनी सांगितलं सहा तास. "इतकंच?" म्हणाल्या, आणि मग एवढी वर्षं गेला का नाहीस म्हणून मुलालाच झापलं.

पैशांबद्दल राहिलंच: मॉरिशसचा रुपया आपल्या रुपयाच्या दुपटीला थोडा कमी, नोटेवर तमिळ आणि देवनागरी दोन्ही अक्षरं असतात. फेब्रुवारी २०२४ पासून तिथे यूपीआय सुरू झालंय, पण धोल पुरीच्या गाड्यावर वगैरे रोखच लागते. प्लग तीन चौकोनी पिनांचा किंवा युरोपातला दोन गोल पिनांचा, अडॅप्टर घरूनच न्या. पाण्यात उतरायला रबरी बूट हवेत, तळाला प्रवाळ असतं आणि पाय कापतात.

गुरुवार

परतीचं विमान रात्रीचं. दादांनी विमानतळावर सोडलं, पैसे घ्यायला का-कू केली, शेवटी सासूबाईंनी "लेकराच्या खाऊला" म्हणून खिशात कोंबले. विमानात त्या सलग झोपल्या आणि मुंबईत पहाटे उतरल्यावर घड्याळ दीड तास पुढे करायला मीच विसरू नये म्हणून आठवण करून दिली.

नवऱ्याला आता रीयुनियन बघायचंय, मॉरिशसहून पाऊण तासाचं विमान आहे, पण ते बेट फ्रान्सचं असल्याने कागदपत्रांचं वेगळं बघावं लागतं. सासूबाईंना त्यात रस नाही. त्यांना गणपतीत परत जायचंय, आजींनी बोलावलंय, आणि भाद्रपदात तिकीट किती पडतं हे मी अजून काढलेलं नाही म्हणून रोज सकाळी चहाच्या वेळी मला ऐकून घ्यावं लागतंय.